टोचली किती, तरली किती?

2022च्या अखेरीस केंद्र सरकारने संसदेत लम्पी या गोवंशाच्या त्वचारोगाचे आकडे दिले. देशात बाधित गोवंश 29 लाखांवर, मेलेला सुमारे 1 लाख 55 हजार. मेलेल्यांपैकी जवळपास निम्मी, म्हणजे 75 हजारांवर जनावरे एकट्या राजस्थानातली होती. महाराष्ट्रातली 24 हजारांवर. ज्या शंभर जनावरांच्या अंगावर गाठी आल्याची नोंद झाली, त्यांतली पाचेक दगावली असा याचा अर्थ. महाराष्ट्र सरकारने तेव्हा दुभत्या गाईमागे 30 हजार, ओढकाम करणाऱ्या बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये मदत जाहीर केली होती. चांगल्या बैलाचा बाजारभाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी यातला बाकीचा हिशेब स्वतःच करावा.

आता तीन वर्षे मागचा आकडा बघा. ऑगस्ट 2019मध्ये हा रोग भारतात पहिल्यांदा ओडिशात नोंदला गेला. तिथल्या पाच जिल्ह्यांत 2,539 जनावरे पाहिली गेली, त्यांतल्या 182 जनावरांना गाठी होत्या, म्हणजे शेकडा 7.1. मेले एकही नाही. रोगाचे निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने केले. विषाणू त्याच जातीचा, देश तोच. 2019मध्ये मृत्यू शून्य आणि 2022मध्ये शेकडा पाच. जागतिक पशुआरोग्य संघटना लागणीचे प्रमाण साधारण 10 ते 20 टक्के आणि मृत्यूचे 1 ते 5 टक्के सांगते. इतकी मोठी ओढाताण ज्या रोगाच्या आकड्यांत आहे, तिथे ‘यंदा लस टोचली आणि जनावरे वाचली’ या वाक्यावर लगेच विश्वास ठेवता येत नाही. सौम्य वर्षी सुईतून पाणी दिले तरी ते यशस्वी ठरेल.

तिसरा आकडा लसीकरणाचा. नोव्हेंबर 2022मध्ये महाराष्ट्राचा पशुसंवर्धन विभाग राज्यातल्या सुमारे 99 टक्के गोवंशाला लस दिल्याचे सांगत होता. 2019च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात गोवंश 1 कोटी 39 लाखांच्या आसपास. इतक्या जनावरांपर्यंत काही महिन्यांत सुई पोहोचवणे हे लहानसहान काम नव्हे आणि ते चिखलातून, भर पावसात झाले हे मान्यच करायला हवे. तरीही 2023च्या पावसाळ्यात लम्पी राज्यात परत आला आणि वासरांना जास्त धरू लागला. 99 टक्के टोचल्यावर उरलेल्या एका टक्क्यात एवढी साथ मावत नाही. मग टोचलेल्यांपैकी तरणारी किती होती?

हा प्रश्न रामाकोन्यात विचारायला सोयीचा आहे. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणारे, कन्हानकाठचे हे गाव. केंद्रीय जल आयोगाच्या नोंदींत रामाकोना आहे ते कन्हानचे पाणी मोजायचे ठिकाण म्हणून. नदीची पातळी मोजायची पक्की रीत इथे आहे, ढोरांच्या प्रतिकारशक्तीची नाही. ऑक्टोबर 2023मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हा भाग छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. सरकार मध्य प्रदेशाचे, बोली वऱ्हाडी-नागपुरी, बाजार सावनेर-नागपूरकडे झुकलेला. गवळाऊ गाईबैलांचा मूळ पट्टाही वर्धा, नागपूर आणि छिंदवाड्याचा हा दक्षिण भाग मिळून होतो. ढोरांना राज्याची सीमा कळत नाही, चावणाऱ्या माशीला तर मुळीच नाही.

समजा रामाकोन्याच्या आणि आजूबाजूच्या आखरांवर, म्हणजे ढोरं जमायच्या जागांवर, मिळून 1,000 गाईबैल आहेत. हा आकडा हिशेबापुरता धरलेला आहे, गणनेतला नाही. त्यांतल्या 800 ढोरांना लस दिली, 200 राहिली: कोणाचे बैल त्या दिवशी वखराला जुंपलेले, कोणाची गाय गाभण म्हणून मालकाने नको म्हटले, काही ढोरं ढोरक्याबरोबर रानात गेलेली. पुढे साथ आली. न टोचलेल्या 200मध्ये शेकडा 20 आजारी पडली, म्हणजे 40. टोचलेल्या 800मध्ये शेकडा 5, म्हणजे तीही 40. गावात एकूण 80 ढोरांना गाठी आल्या आणि त्यांतली निम्मी टोचलेली निघाली. संध्याकाळी पारावर निकाल लागतो: लस घ्या नाहीतर नका घेऊ, सारखेच.

निकाल चुकला आहे. परिणामकारकता काढायची रीत अशी की न टोचलेल्यांतले आजारीपणाचे प्रमाण घ्यायचे, त्यातून टोचलेल्यांतले वजा करायचे, आणि जे उरते ते पहिल्या प्रमाणाच्या शेकडा किती हे पाहायचे. 20 उणे 5, उरले 15. 20च्या मानाने 15 म्हणजे 75 टक्के. ही लस चांगली चालली.

आता पुढच्या वर्षी खात्याने कंबर कसली आणि 1,000पैकी 960 ढोरं टोचली. लस तीच, साथही तेवढीच तिखट. टोचलेल्यांतली 48 आजारी पडतील, उरलेल्या 40मधली 8. एकूण आजारी 56, आणि त्यांतल्या दर सातांपैकी सहा ढोरांच्या नावापुढे लसीकरणाची नोंद असेल. कोणालाही लस दिली नसती तर 200 आजारी पडली असती, ते 56वर आले. पण गावात फिरणारी बातमी मात्र ‘सातातली सहा टोचलेलीच’ अशी असेल. लसीकरण जितके पूर्ण, तितके आजाऱ्यांत टोचलेल्यांचे प्रमाण जास्त. हे गणित चौथीच्या मुलाला समजते, पण ते करायला न टोचलेल्यांची यादी लागते. आपल्याकडे टोचलेल्यांची यादी ठेवतात. राहिलेल्यांची कोण ठेवणार?

यात आणखी एक बारीक फेर आहे. या रोगाचा विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंतचा काळ आंतरराष्ट्रीय नियमांत 28 दिवसांपर्यंत धरतात. दुसरीकडे लस दिल्यावर अंगात ताकद बसायला साधारण तीन आठवडे जातात. शेजारच्या गावात गाठीचे ढोर सापडले की केंद्राच्या सूचनेप्रमाणे पाच किलोमीटरच्या परिघात निरोगी जनावरांना लस देतात. त्या दिवशी सुई घेतलेल्यांतली काही ढोरं आधीच विषाणू घेऊन उभी असतात. दहाव्या दिवशी त्यांना 41 अंशांच्या घरात ताप भरतो, मागच्या पायांवर सूज येते, गळ्याखाली, छातीवर, कासेवर दोन ते पाच सेंटिमीटरच्या टणक गाठी उठतात. मालक म्हणतो, लशीनेच लम्पी दिला. म्हणून कोणत्याही अभ्यासात लशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले आजारी जनावर वेगळ्या खान्यात टाकावे लागते. गावच्या नोंदवहीत तारीख नसेल तर हा खानाच करता येत नाही, आणि सगळा दोष लशीच्या नावावर जातो.

लशीचा दोष कधीच नसतो असे मात्र नाही. 2022मध्ये भारतात जी लस सर्रास वापरली ती या रोगाची नव्हतीच, ती शेळ्यांच्या देवीची होती. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी हे तीन विषाणू सख्खे भाऊ. त्यांचा जनुकीय मजकूर सुमारे 97 टक्के जुळतो. म्हणून एकाची लस दुसऱ्यावर चालते. भारतात उत्तरकाशी वाणाची शेळी-देवीची लस चार महिन्यांवरच्या गोवंशाला कातडीखाली द्यायची ठरली. मात्रा 10च्या साडेतीनाव्या घाताइतकी, म्हणजे विषाणूची तीन हजारांवर संसर्गक्षम एकके. लस जिवंत असते. ती 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते आणि द्रावण कालवल्यावर काही तासांत संपवावी लागते. मे महिन्यात सौंसरच्या उन्हात बर्फ वितळलेल्या डब्यातून दिलेली सुई नोंदवहीत एक मात्रा म्हणून चढते. अंगात किती चढते हा वेगळा विषय.

भावाची लस आणि स्वतःची लस यांत फरक किती, हे मोजणारा एक चांगला प्रयोग इस्रायलमध्ये झाला. तिथे 15 कळपांतल्या 4,694 दुभत्या गाईंपैकी निम्म्यांना लम्पीच्याच दुबळ्या केलेल्या विषाणूची, नीथलिंग वाणाची, लस दिली आणि निम्म्यांना मेंढी-देवीची दहापट मात्रेची. पुढे साथ आली आणि 76 गाई आजारी पडल्या. मेंढी-देवीची लस घेतलेल्यांत आजारी पडण्याचा धोका 2.6 पट निघाला, गंभीर आजाराचा तर 11 पट. नीथलिंगची खोडही याच प्रयोगात दिसली: ती घेतलेल्या 2,356 गाईंपैकी 9 गाईंना, म्हणजे शेकडा 0.38 जणींना, लशीमुळेच अंगावर गाठी आल्या. मेंढी-देवीच्या लशीने असे कोणालाच झाले नाही. हा प्रयोग मेंढी-देवीचा होता, शेळी-देवीचा नव्हे, त्यामुळे त्याचे आकडे जसेच्या तसे रामाकोन्यात लावणे बरोबर नाही. पण भावाची लस स्वतःच्या लशीइतकी खणखणीत असेलच असे धरून चालू नये, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

बाल्कन देशांत 2016-17मध्ये नीथलिंग लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली. साथीनंतर हिशेब झाला तेव्हा परिणामकारकता सरासरी 80 टक्क्यांच्या जवळ निघाली; बल्गेरिया, सर्बियाकडे 97च्या आसपास आणि अल्बानियात 62. एकाच वाणाच्या लशीच्या आकड्यात पस्तीस टक्क्यांची तफावत! देश बदलला की लस टोचणारे हात, बर्फाचा डबा, साथ गावात आल्यावर टोचले की आधी, हे सगळे बदलते. कुपीवरचा आकडा कारखान्याचा असतो आणि गावातला आकडा गावाचा. म्हणून तो गावातच मोजावा लागतो.

मग रक्त तपासून का नाही बघायचे? टोचलेल्या ढोराच्या मानेच्या शिरेतून चार-पाच मिलिलिटर रक्त काढायचे, प्रतिपिंडे मोजायची, मिळाली तर पास, नाहीतर नापास. खुरकूतच्या लशीबाबत प्रतिपिंडांच्या तपासणीवर बराच भर देता येतो. लम्पीत हा मार्ग आपल्याला अर्ध्यातच सोडून देतो. या विषाणूकुळाविरुद्धची लढाई मुख्यतः पेशी लढतात, रक्तात तरंगणारी प्रतिपिंडे नव्हे. लस दिल्यावर पंधरवड्यात प्रतिपिंडे दिसू लागतात, महिना-दोन महिन्यांत वर जातात आणि मग उतरतात, कित्येकदा तपासणीला सापडणार नाहीत इतकी. अशी ‘नापास’ गाय प्रत्यक्ष विषाणू टोचल्यावरही धडधाकट राहिल्याची उदाहरणे प्रयोगशाळांत आहेत. म्हणजे प्रतिपिंडे सापडली तर लस लागली असे म्हणता येते. नाही सापडली तर काहीच म्हणता येत नाही. त्यातही गावात आधी साथ येऊन गेली असेल तर सापडलेली प्रतिपिंडे लशीची की रोगाची हे नेहमीच्या चाचणीला ओळखू येत नाही. पेशींची ताकद मोजायच्या चाचण्या आहेत, पण त्यांना ताजे, जिवंत पेशींचे रक्त काही तासांत प्रयोगशाळेत लागते. रामाकोन्याहून भोपाळ लांब पडते. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय मात्र सावनेरमार्गे सरळ रस्त्यावर आहे. दोन राज्यांच्या खात्यांना एकमेकांच्या हद्दीत नमुने पाठवायला कोणी हरकत घेऊ नये, इतकी साधी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

ताकद किती दिवस टिकते, याचे नेमके उत्तर बेल्जियममधल्या प्रयोगाने दिले. तिथे जिवंत, दुबळ्या लम्पी-विषाणूची लस दिलेल्या गुरांना 6, 12 आणि 18 महिन्यांनी जहाल विषाणू टोचला. एकालाही लक्षणे आली नाहीत, रक्तातही विषाणू सापडला नाही. मृत विषाणूची लस दिलेली गुरे सहा महिन्यांनी टिकली, पण बाराव्या महिन्यात त्यांतल्या दोघांना रोग झाला. वर्षातून एकदा जिवंत लस पुरेशी आहे, असे धरायला त्यातून आधार मिळतो.

पण एका ढोराची ताकद टिकली म्हणजे गावाची टिकली असे नव्हे. पुन्हा आपली 1,000 ढोरं घ्या. मे महिन्यात 950 टोचली. वर्षभरात 200 ढोरं विकली गेली, म्हातारी झाली, मेली. 200 नवी आली, काही कोठ्यात जन्मलेली वासरे, काही बाजारातून आणलेल्या जोड्या. पुढच्या मे महिन्यात टोचलेली उरतील 760. लस 75 टक्के परिणामकारक धरली तर प्रत्यक्षात तरणारी 570. कागदावर 95 टक्के, आखरावर 57. लस घेतलेल्या किंवा रोगातून उठलेल्या गाईच्या चिकातून वासराला काही महिने संरक्षण मिळते, पण ते ओसरल्यावर वासरू उघडे पडते, आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या मोहिमेला ते नेमके त्या वेळी चार महिन्यांचे झालेले असेलच असे नाही. 2023मध्ये महाराष्ट्रात वासरांना रोगाने जास्त धरले, त्यामागे हे एक मोठे कारण असावे असे मला वाटते.

लशीने साथ थांबेल का, हा याहून कडू प्रश्न आहे. इस्रायलमधल्या एका मोठ्या दुग्धशाळेतल्या साथीवरून संशोधकांनी हिशेब केला: एका आजारी गाईमुळे, मधल्या चावऱ्या कीटकांच्या वाटेने, सरासरी 15.7 गाईंना लागण होऊ शकते. निव्वळ अंगाला अंग लागून मात्र 0.36, म्हणजे एकही नाही. 15.7चा वेग लशीनेच रोखायचा तर कळपातली 94 टक्के जनावरे खरोखर तरणारी हवीत. 75 टक्क्यांची लस शंभरातल्या शंभर ढोरांना दिली तरी ती 75च तरतील, आणि एका आजाऱ्यामागे चारेक नवे आजारी पडत राहतील. सोळाचे चार झाले हे थोडके नव्हे. उरलेले चार मात्र सुईने थांबत नाहीत. त्यासाठी गाठीचे ढोर आखरावर न नेता कोठ्यात वेगळे बांधावे लागते, गोमाशी, डास आणि गोचीड हटवावी लागते, शेणाचा उकिरडा कोठ्यापासून दूर न्यावा लागतो, जनावरांचा बाजार काही आठवडे बंद ठेवावा लागतो. एका दुग्धशाळेचा आकडा दोन-चार ढोरांच्या कोठ्यांना तंतोतंत लागू नाही. पण सकाळी सगळ्या गावची ढोरं एकाच आखरावर जमतात, त्यामुळे तो फार खालीही येणार नाही. शिवाय साथीचा भर आणि पोळा एकाच सुमारास येतात. बैल सजवून तोरणाखाली उभे करायचे, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जांब नदीवर गोटमार. त्या आठवड्यात ढोरं वेगळी बांधा म्हणणाऱ्या डॉक्टरचे कोण ऐकणार? म्हणून लस पाऊस पडायच्या आधी, मृगाच्या तीन आठवडे अगोदर, पुरी झालेली असावी. ऑगस्टमध्ये धावपळ करून दिलेली सुई आकड्यात दिसते, साथीत कमी दिसते.

गावपातळीवर मोजायचे म्हटले तर फार मोठे यंत्र लागत नाही. नोंदणी झालेल्या प्रत्येक ढोराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो आणि तो क्रमांक ‘भारत पशुधन’ या राष्ट्रीय नोंदणीत चढतो. सावनेरच्या बाजारातून आणलेल्या बैलाचा महाराष्ट्रातला बिल्ला रामाकोन्यातही चालतो. तो वाचला की मागची लस कधी झाली ते कळते. पावसाळ्याआधी ढोरांच्या दवाखान्याने गावातल्या सगळ्या बिल्ल्यांची यादी काढावी, टोचलेली आणि न टोचलेली दोन्ही, लशीची तारीख आणि कुपीचा बॅच क्रमांक यांसह. साथीच्या दिवसांत पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या दूरध्वनीवर आलेल्या प्रत्येक फोनची नोंद त्याच बिल्ल्याच्या क्रमांकापुढे व्हावी. साथ ओसरल्यावर वरची वजाबाकी अर्ध्या तासात होते.

रक्त तपासायचेच तर सगळी ढोरं लागत नाहीत. साधारण 70 टक्के ढोरांत लस लागली असेल असे धरून, दहा टक्क्यांच्या मागेपुढे अंदाज हवा असेल तर ऐंशीएक जनावरे पुरतात. पाच टक्क्यांइतका नेमका हवा असेल तर सव्वातीनशे. मात्र ती चिठ्ठ्या टाकून निवडायला हवीत. रस्त्याकाठचे, डॉक्टरच्या ओळखीचे, शांत उभे राहणारे ढोर नेहमी टोचलेलेच असते. रक्त लशीच्या दिवशी एकदा आणि महिन्याने पुन्हा घ्यायचे, म्हणजे आधीच्या साथीची प्रतिपिंडे कोणती आणि लशीची कोणती हे निदान त्या ढोरांपुरते वेगळे काढता येते. लस लागली की नाही याची एक खूण तर दवाखान्याशिवाय दिसते: जिवंत लशीच्या जागी काही ढोरांत आठवडाभरात हरभऱ्यापासून लिंबाएवढी सूज येते आणि आपोआप जिरते. मालक ती घेऊन तक्रारीला येतो. ती सूज नोंदवहीत लिहायची असते. घाबरून प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे नसते.

स्वतःची लस आता देशातही आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेबरोबर 2019च्या रांची वाणापासून ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ तयार केली. विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर पन्नास वेळा वाढवून दुबळा केला आणि 10 ऑगस्ट 2022 रोजी लस जाहीर झाली. तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेसह काही कंपन्यांना दिले गेले. त्यांतल्या बंगळुरूजवळच्या बायोव्हेट कंपनीच्या लशीला फेब्रुवारी 2025मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला. तीन महिन्यांवरच्या गाई-म्हशींना वर्षातून एकदा द्यायची ही लस घेतलेले जनावर आणि रोग होऊन गेलेले जनावर रक्तावरून वेगळे ओळखता येते, असा कंपनीचा दावा आहे. हा दावा गावात खरा ठरवायचा तर लशीच्या कुप्यांबरोबर ती ओळखणारी चाचणीही सौंसरच्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला हवी, आणि पहिल्या वर्षी निदान काही गावांत टोचलेल्यांच्या यादीशेजारी न टोचलेल्यांचीही यादी ठेवायला हवी.